चॉकलेटची ‘एनर्जी’ वडी : वेष्टनामागचा हिशेब

सांगलीच्या गणपती पेठेत किंवा सातारच्या राजवाडा परिसरात किराणा, बेकरी, सुकामेवा यांपैकी कोणत्याही दुकानात उभे राहिले तर गल्ल्याजवळच्या बरण्यांची जागा आता चकचकीत वेष्टनांच्या पट्ट्यांनी घेतलेली दिसते. चॉकलेट एनर्जी बार, प्रोटीन बार, न्यूट्री बार अशी त्यांची नावे. ‘बार’ हा शब्द आपल्याकडे वेगळ्या धंद्याला चिकटलेला असल्याने काही ज्येष्ठ मंडळी तो ऐकून दचकतात. वस्तू मात्र साधी आहे. शेंगदाणे, ओट्स, कुरमुरे, सुकामेवा साखरेच्या किंवा ग्लुकोजच्या पाकात दाबून बसवायचे आणि वरून चॉकलेटचा थर द्यायचा, की झाला बार. म्हणजे चॉकलेट लावलेली चिक्कीच म्हणा.

मिरजेतील एका परिचित सुकामेवा विक्रेत्या भाईंनी रमजानच्या महिनाभर आधी या लेखकाला विचारले, “एजंट पाच पेट्या घ्या म्हणतो. सहरीला लोक घेतील, दिवसभर ताकद राहते, असे तो सांगतो. वेष्टनावरही तसेच लिहिले आहे. घेऊ का?” प्रश्न पाच पेट्यांचा असला तरी त्यात दोन गोष्टी होत्या. मुदतीत माल न खपला तर पैसे अडकणार, ही एक. आणि मोहल्ल्यातील गिऱ्हाईक उद्या “तुम्हीच ताकद राहते म्हणाला होता” असे म्हणत दुकानात आले तर काय उत्तर द्यायचे, ही दुसरी. म्हणून त्या वडीत खरोखर काय असते, याचा हिशेब येथे मांडत आहोत.

ही वस्तू आली कोठून?

खिशात मावणारे चॉकलेटचे अन्न ही कल्पना प्रथम सैन्याला सुचली. अमेरिकन सैन्याच्या कॅप्टन पॉल लोगन यांनी १९३७ मध्ये हर्शी कंपनीकडून एक वडी करवून घेतली. वजन चार औंस, उष्मांक ६००, आणि उन्हात वितळू नये अशी घडण. त्यांची आणखी एक अट मजेदार होती. वडीची चव उकडलेल्या बटाट्यापेक्षा जराशीच बरी असावी, म्हणजे शिपाई ती मिठाईसारखी आधीच खाऊन टाकणार नाही आणि अडचणीच्या वेळी ती शिल्लक राहील. आजचे कारखानदार याच्या नेमके उलट करतात, हे लक्षात ठेवावे.

धावपटूंसाठीचा बार नंतरचा. कॅनडाचा मॅरेथॉन धावपटू ब्रायन मॅक्सवेल याने १९८६ मध्ये कॅलिफोर्नियात ‘पॉवरबार’ सुरू केला. आपल्या देशात म्हैसूरला १९६१ मध्ये संरक्षण खात्याची अन्न संशोधन प्रयोगशाळा सुरू झाली, ती जवानांसाठी टिकाऊ खाद्यपदार्थ तयार करण्यासाठी. सातारा जिल्ह्यात तर अपशिंगे या गावाच्या नावापुढे ‘मिलिटरी’ हा शब्द कायमचा जोडला गेला आहे. तेथल्या घरांना कोरड्या शिध्याची ओळख करून द्यावी लागत नाही.

आता या मालाचे गिऱ्हाईक बदलले आहे. २०१२ पासून साताऱ्यात हिल हाफ मॅरेथॉन भरते. पोलीस परेड मैदानावरून निघून यवतेश्वरच्या घाटाने वर जायचे आणि परत यायचे. देशभरातून हजारो धावपटू येतात आणि त्या दिवसांत शहरातील दुकानांत बारची मागणी वाढते. कासच्या पठारावर जाणारे पर्यटक, अजिंक्यताऱ्यावर चढणारे कॉलेजचे विद्यार्थी, जिममध्ये जाणारी मुले हे सारे नवे ग्राहक. मोठ्या कंपन्यांनी हे ओळखले आहे. आयटीसीने २०२३ मध्ये ‘योगा बार’ बनविणाऱ्या कंपनीत भागीदारी विकत घ्यायला सुरुवात केली, तर झायडस वेलनेसने २०२४ मध्ये ‘राइटबाइट मॅक्स प्रोटीन’ची कंपनी घेतली. तेव्हा हा माल बाजारातून लवकर जाणार नाही. तो समजून घेतलेला बरा.

वेष्टन उलटे करून वाचावे

पुढच्या बाजूला पहाड चढणाऱ्या तरुणाचे चित्र असते. कामाचा मजकूर मागे, बारीक अक्षरांत असतो. कायद्याने तेथे पोषणमूल्यांचा तक्ता द्यावाच लागतो. उष्मांक, प्रथिने, कर्बोदके, एकूण साखर, वरून घातलेली साखर, मेद, त्यातील संपृक्त मेद, ट्रान्स मेद आणि सोडियम. हा तक्ता १०० ग्रॅमचा असतो आणि वडी मात्र ३० ते ५० ग्रॅमची, हे विसरू नये.

उष्मांकाचा हिशेब आपल्याला कोष्टकाशिवाय जमतो. एक ग्रॅम प्रथिने म्हणजे ४ उष्मांक, एक ग्रॅम कर्बोदके म्हणजे ४, एक ग्रॅम मेद म्हणजे ९, एक ग्रॅम तंतू म्हणजे साधारण २.

हिशेबासाठी एक नमुना धरू. १०० ग्रॅममध्ये प्रथिने १० ग्रॅम, कर्बोदके ६०, पैकी वरून घातलेली साखर ३२, मेद १६ आणि तंतू वेगळे ६ ग्रॅम. प्रथिनांचे ४० उष्मांक, कर्बोदकांचे २४०, मेदाचे १४४, तंतूंचे १२. बेरीज ४३६. बार ४० ग्रॅमचा असेल तर त्यातून मिळाले सुमारे १७४ उष्मांक, ४ ग्रॅम प्रथिने, जवळजवळ १३ ग्रॅम साखर आणि साडेसहा ग्रॅमच्या आत मेद.

१७४ उष्मांक म्हणजे किती? राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या कोष्टकाप्रमाणे ६५ किलो वजनाच्या बैठे काम करणाऱ्या पुरुषाला दिवसाला २,११० उष्मांक लागतात, मध्यम कष्टाचे काम करणाऱ्याला २,७१० आणि अवजड काम करणाऱ्याला ३,४७०. मिरजेत सतार-तंबोऱ्याच्या भोपळ्यावर बसून नक्षी कोरणारा कारागीर पहिल्या गटात मोडतो आणि मार्केट यार्डात हळदीची पोती उचलणारा हमाल तिसऱ्या गटात. एकच बार दोघांना सारखा लागू पडणार नाही. हमालाला तो पुरत नाही आणि सतारकार बांधवाला जेवणाखेरीज त्याची गरज नसते. रोज एक बार जास्तीचा खाल्ला आणि हालचाल तेवढीच राहिली तर त्याचे रूपांतर पोटाच्या घेरात होते.

साखरेचे पाहा. लेबलवर टक्केवारी काढताना आपल्याकडे दिवसाला ५० ग्रॅम घातलेली साखर ही मर्यादा धरतात. म्हणजे आपल्या नमुन्यातील एका बारने दिवसाचा चौथा हिस्सा संपवला. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये सुचविले की एकूण उष्मांकांच्या पाच टक्क्यांवर, म्हणजे सुमारे २५ ग्रॅमवर थांबलेले अधिक चांगले. त्या मापाने निम्मा कोटा एका वडीतच गेला, आणि दिवसभराचे चहा अजून शिल्लक आहेत.

साखरेला नावेही अनेक असतात. ग्लुकोज सिरप, इन्व्हर्ट सिरप, माल्टोडेक्स्ट्रिन, कॉर्न सिरप, ब्राऊन शुगर, मध, गूळ. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहावी लागते. एकच साखर चार नावांनी विभागली की पहिल्या जागेवर ओट्स येतात आणि माल पौष्टिक दिसू लागतो. चारही नावांवर बोट ठेवून वाचले तर खरे काय ते कळते.

‘प्रोटीन रिच’ म्हणजे किती?

हा शब्द वापरायला २०१८ चे दाव्यांचे नियम आहेत. घन पदार्थाच्या १०० ग्रॅममध्ये दिवसाच्या गरजेच्या १० टक्के प्रथिने असली तर ‘प्रथिनांचा स्रोत’ म्हणता येते, २० टक्के असली तर ‘प्रथिनयुक्त’ किंवा ‘रिच’. पुरुषाची दिवसाची गरज ५४ ग्रॅम धरली तर २० टक्के म्हणजे १०.८ ग्रॅम. हे १०० ग्रॅमचे माप झाले. ४० ग्रॅमच्या बारमधून मिळतात सव्वाचार ग्रॅम, आणि तरीही वेष्टनावर मोठ्या अक्षरांत ‘प्रोटीन रिच’ हे नियमात बसते. या मापाने निम्मे शेंगदाणे, निम्मा गूळ अशी आपली साधी चिक्कीही प्रथिनयुक्त ठरेल. तिच्या १०० ग्रॅममध्ये साडेबारा ग्रॅम प्रथिने निघतात. चिक्कीवाल्याने मात्र तसे कधी लिहिले नाही.

प्रथिनांच्या नावाने वस्तू विकत घ्यायची तर एका ग्रॅमचा भाव काढावा, जसा आपण सोन्याचा काढतो. बार ५० रुपयांना आणि प्रथिने ४ ग्रॅम, म्हणजे ग्रॅमला साडेबारा रुपये. अंडे सात रुपयांना धरले आणि त्यात प्रथिने ६ ग्रॅम, म्हणजे ग्रॅमला सव्वा रुपयाच्या आत. चिक्की १०० ग्रॅमला ४० रुपये धरली तर ग्रॅमला तीन रुपये वीस पैसे. आपापल्या दुकानाचे भाव लावून पाहावे, क्रम बहुधा हाच राहील. २० ग्रॅम प्रथिनांचे खास बार निघाले आहेत, त्यांचा हिशेब थोडा बरा निघतो, पण त्यांची किंमतही तशीच असते.

सांगलीकडच्या तालमींत हा हिशेब पिढ्यान्‌पिढ्या न लिहिता चालत आला. हिंदकेसरी मारुती माने यांच्या कवठेपिरानसारख्या गावांत पैलवानाचा खुराक म्हणजे दूध, बदामाची थंडाई, तूप. अर्धा लिटर म्हशीच्या दुधात १८ ते २० ग्रॅम प्रथिने असतात. एजंटाच्या पेटीतले चार-पाच बार फोडावेत तेव्हा तेवढी भरतात.

चॉकलेटचा भाग

चॉकलेट हे सरसकट वाईट नाही आणि औषधही नाही. ७० टक्क्यांच्या वर कोको असलेल्या काळ्या चॉकलेटच्या १०० ग्रॅममध्ये जवळपास ६०० उष्मांक, ४० ग्रॅमच्या वर मेद आणि साखर २५ ग्रॅमच्या आसपास असते. लोह आणि मॅग्नेशियमही भरपूर असते. दुधाच्या चॉकलेटमध्ये उष्मांक साडेपाचशेच्या आत, पण साखर निम्म्याहून अधिक. बारवर थर असतो चार-पाच ग्रॅमचा. त्यामुळे ‘कोकोच्या लोहाचा लाभ’ ही जाहिरात त्या थराच्या मानाने फार मोठी आहे. काळ्या चॉकलेटमध्ये थोडे कॅफीनही असते, लहान मुलांसाठी घेणाऱ्याला एवढे सांगावे.

बऱ्याचदा तो थर खऱ्या चॉकलेटचा नसतोही. खऱ्या चॉकलेटमध्ये कोकोचे स्वतःचे लोणी असते. ते महाग म्हणून त्याऐवजी पाम वा तत्सम वनस्पती मेद वापरून जो माल करतात त्याला धंद्यात ‘कंपाउंड’ म्हणतात. पश्चिम आफ्रिकेतील घाना आणि आयव्हरी कोस्ट येथे पीक बिघडल्याने डिसेंबर २०२४ मध्ये कोकोचा भाव टनाला १२,००० डॉलरच्या वर गेला होता. २०२५ मध्ये तो पुष्कळ उतरला, पण त्या तेजीत अनेकांनी कोको कमी करून कंपाउंडकडे मोर्चा वळविला. कंपाउंडमध्ये संपृक्त मेद जास्त असतो. घटकांच्या यादीत ‘कोको बटर’ आहे की ‘हायड्रोजनेटेड व्हेजिटेबल फॅट’ आहे, हे पाहिले की उलगडा होतो. ट्रान्स मेदावर जानेवारी २०२२ पासून दोन टक्क्यांची मर्यादा आहे, तेवढी एक काळजी कमी झाली.

दुकानदाराला मात्र या दोन्हींतला फरक वेगळ्या कारणाने कळायला हवा. कोकोचे लोणी ३४ अंशांच्या आसपास वितळते आणि त्याच्या बरेच आधी मऊ पडते. सांगलीचा एप्रिल-मे चाळिशीला टेकतो. पत्र्याच्या दुकानात ठेवलेला खऱ्या चॉकलेटचा बार दुपारी मऊ होतो आणि रात्री पुन्हा घट्ट होताना त्यावर पांढुरका थर धरतो. गिऱ्हाईक त्याला बुरशी समजते. ती बुरशी नसते, वर आलेला मेद असतो आणि तो खाल्ल्याने अपाय होत नाही. पण माल परत येतो तो येतोच. कंपाउंड उष्णतेत अधिक टिकते, म्हणून उन्हाळ्यात एजंट तोच पुढे करतो. वातानुकूलित कपाट नसेल तर मार्च ते जून चॉकलेट लावलेल्या मालाचा साठा करू नये, हे या लेखकाचे स्पष्ट मत आहे.

हिरवा ठिपका काय सांगतो, काय सांगत नाही

आपल्या गिऱ्हाइकांचा नेहमीचा प्रश्न घटकांबद्दल असतो. भारतात विकल्या जाणाऱ्या मालावर हिरवा ठिपका असेल तर त्यात दूध, मध, लाख, मेण यांखेरीज प्राणिज घटक नसावा असा कायदा आहे. म्हणजे जिलेटीनची शंका तेथे मिटते. तपकिरी त्रिकोण असेल तर त्यात अंडे, जिलेटीन किंवा अन्य प्राणिज पदार्थ आहे. मग कोणता, हे यादीत वाचावे. ४७१ क्रमांकाचा इमल्सिफायर वनस्पतीपासूनही होतो आणि प्राणिज चरबीपासूनही. ३२२ म्हणजे लेसिथिन, ते बहुधा सोयाबीन किंवा सूर्यफुलाचे. ४७६ ऐकून लोक घाबरतात, पण तो बहुतेक एरंडेलापासून करतात.

हिरवा ठिपका अल्कोहोलबद्दल मात्र काही बोलत नाही. व्हॅनिलासारखे अर्क अल्कोहोलमध्ये काढलेले असू शकतात. ज्यांना त्याची खात्री हवी त्यांनी कंपनीच्या वेष्टनावरील ग्राहक सेवेच्या पत्त्यावर लेखी विचारावे, उत्तर येते. आखातातून येणारे नातेवाईक जे बार आणतात त्यांवर आपला ठिपका नसतो. तेथे ४४१ म्हणजे जिलेटीन आणि १२० म्हणजे किड्यापासून काढलेला लाल रंग, एवढे दोन क्रमांक तरी ध्यानात असू द्यावेत.

‘शुगर फ्री’ बारबद्दलही लिहिले पाहिजे, कारण मधुमेहाचे रुग्ण ते निर्धास्तपणे घेतात. साखर नसली तरी त्यात माल्टिटॉलसारखे पदार्थ असतात. त्यांतूनही थोडे उष्मांक मिळतात, रक्तातील साखर थोडी वाढते आणि जास्त खाल्ले तर पोट सुटते. तशी सूचना वेष्टनावर छापलेली असते. कर्बोदके आणि मेद तर असतातच. मधुमेहाच्या गिऱ्हाइकाला दुकानदाराने “चालेल” असे सांगू नये. ते डॉक्टरांचे काम आहे.

तासगावचा बेदाणा शर्यतीत

आता आपल्या भागाची गोष्ट. २०१२ मध्ये अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधकांनी ११ धावपटूंवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. धावपटूंना ८० मिनिटे पळविले आणि मग पाच किलोमीटरची शर्यत लावली. एका वेळी नुसते पाणी, एका वेळी खेळाडूंसाठीच्या विकतच्या गोड वड्या, एका वेळी बेदाणे. पाण्यापेक्षा दोन्हींनी सुमारे एक मिनिट वाचले आणि बेदाणे व विकतच्या वड्या यांत फरक पडला नाही. प्रयोगाला पैसे कॅलिफोर्नियाच्या बेदाणा विक्री मंडळाचे होते, हेही सांगितले पाहिजे, आणि धावपटू अकराच होते. तरी निष्कर्ष सरळ शरीरशास्त्राला धरून आहे.

धावणाऱ्याला दर किलोमीटरला वजनाच्या किलोमागे साधारण एक उष्मांक लागतो. ६० किलोचा माणूस २१ किलोमीटर धावला तर सुमारे १,२६० उष्मांक खर्च होतात. १७४ उष्मांकांचा बार त्याला तीन किलोमीटरही नेत नाही. तासाहून अधिक धावताना तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदके घ्यावीत, असे खेळाडूंना सांगतात. आपल्या नमुन्यातील ४० ग्रॅमच्या बारमधून २४ ग्रॅम मिळतात. मूठभर, म्हणजे ३० ग्रॅम बेदाण्यांतूनही जवळपास २४ ग्रॅमच मिळतात. शिवाय पोटॅशियम मिळते आणि उन्हात वितळत नाही. यवतेश्वरचा घाट चढताना खिशात बेदाण्याची पुडी ठेवणाऱ्याने काही गमावलेले नाही.

सांगलीच्या बेदाण्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तासगावला त्याचे सौदे होतात, मिरज-कवठेमहांकाळ भागात वाळवणाची शेड आहेत. इतके असून साताऱ्याच्या शर्यतीत येणाऱ्या पाहुण्याला ३० ग्रॅमची, स्वच्छ, तारीख घातलेली, ‘धावताना खा’ एवढेच लिहिलेली बेदाण्याची पुडी सहज मिळत नाही. आपण पाच किलोची पेटी विकतो आणि कॅलिफोर्नियावाले मूठ विकतात. नफा कोणत्यात जास्त, हे व्यापारी माणसाला सांगायला नको.

आपल्याला वडी करता येईल का?

येईल. आणि तिचे पोषण काय निघते तेही पाहू. १०० ग्रॅमला भाजलेले शेंगदाणे ४०, बेदाणे २५, बिया काढलेला खजूर २०, काळे चॉकलेट १० आणि चिरमुरे ५ ग्रॅम. भडंग करणाऱ्या सांगलीत चिरमुऱ्यांची वाण नाही. शेंगदाण्यांतून २२७ उष्मांक, बेदाण्यांतून ७५, खजुरातून ५६, चॉकलेटमधून ६०, चिरमुऱ्यांतून १९. एकूण ४३७. प्रथिने साडेबारा ग्रॅमच्या जवळ. मेद २४ ग्रॅम, पण त्यातला बहुतांश शेंगदाण्याचा, म्हणजे असंपृक्त.

साखर? येथे प्रामाणिक राहिले पाहिजे. बेदाणे आणि खजूर मिळून एकूण साखर ३१-३२ ग्रॅम निघते, म्हणजे कारखान्याच्या बारएवढीच! उष्मांकही तेवढेच. फरक इतकाच की ती बहुतेक फळांची आहे, तिच्याबरोबर तंतू आणि क्षार आहेत, आणि प्रथिने थोडी अधिक आहेत. तेव्हा आपली वडी ‘वजन कमी करणारी’ नाही आणि मधुमेहींसाठीही नाही. ‘साखर घातलेली नाही’ असे छापण्याचा मोहही टाळावा. गोडीसाठी साखरेऐवजी सुक्या फळांचा लगदा घातला असेल तर तो दावा करू नये, असा आंतरराष्ट्रीय अन्नसंहितेचा दंडक आहे आणि आपले २०१८ चे नियम त्याच धर्तीवर आहेत. शिवाय चॉकलेटमध्ये साखर असतेच. ‘बेदाणा, खजूर, शेंगदाणा, चॉकलेट’ असे नाव मोठ्या अक्षरांत छापले तरी माल खपतो.

कारागिराच्या कामाच्या दोन-चार गोष्टी. शेंगदाणा खवट किंवा काळा पडलेला असेल तर पाखडून टाकावा. पावसाळ्यात ओल लागलेल्या दाण्यावर धरणारी बुरशी विषारी द्रव्य सोडते आणि ते भाजल्यानेही पुरते जात नाही. खजूर फार ओला असेल तर वडी आठवड्यात सैल पडते. त्याचा लगदा मंद आचेवर परतून पाणी उडवावे. गूळ वापरणाऱ्याने गोळीबंद पाक करावा, पण गूळ हवेतील दमट खेचतो, त्यामुळे साताऱ्याच्या पावसाळ्यात उघड्यावरची वडी टिकत नाही. वेष्टन थर असलेलेच घ्यावे. चॉकलेट ४५ अंशांवर वितळवून २७-२८ पर्यंत थंड करावे आणि पुन्हा ३१-३२ वर आणून मगच वडी बुडवावी. त्याने चकाकी येते आणि थर खुटकन तुटतो. भांड्यात पाण्याचा एक थेंब पडला तर सारे चॉकलेट गोळा होते. बेकरीतील मुलांना हे एकदा करून दाखवले की जमते. बेकरी हा आपल्या अनेक बांधवांचा जुना धंदा आहे, भट्टी आणि हात दोन्ही तयार आहेत.

पिवळा बेदाणा गंधकाच्या धुरीचा असतो. गंधकाचा अंश किलोला १० मिलिग्रॅम किंवा जास्त असेल तर लेबलवर सल्फाइटचा उल्लेख करावा लागतो. काहींना दम्याचा त्रास त्याने वाढतो. शेंगदाणे, दूध, सोया, गहू यांचीही ठळक नोंद हवी, कारण शेंगदाण्याची ॲलर्जी जिवावर बेतू शकते. याखेरीज अन्न सुरक्षा नोंदणीचा १४ आकडी क्रमांक, घटक, वजन, किंमत, बनविल्याची तारीख आणि मुदत. पोषणमूल्यांचा तक्ता वर केला तसा कागदावर करून छापू नये. मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत एकदा नमुना तपासून घ्यावा. तो खर्च पहिल्या घाण्यातच धरावा.

सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांसाठी केंद्राने २०२० मध्ये योजना आणली. तीत प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त दहा लाखांपर्यंत अनुदान ठेवले होते. ते बँक कर्जाशी जोडलेले आहे, त्यामुळे घ्यावे की नाही हे ज्याचे त्याने ठरवावे. चौकशी जिल्हा कृषी अधीक्षकांच्या कार्यालयात होते. कराचे म्हणाल तर २२ सप्टेंबर २०२५ पासून चॉकलेटवरील जीएसटी १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. जुना माल जुन्या छापील किमतीने पडून असेल तर एजंटाकडे त्याचा फरक मागावा.

सहरीचा प्रश्न राहिला. साखरेचा बार खाल्ला तर रक्तातील साखर लवकर वर जाते आणि लवकर उतरते. चौदा तासांच्या रोजाला त्याचा आधार फार वेळ पुरत नाही. पोटात जास्त वेळ राहतात ती तंतू आणि प्रथिने असलेली पदार्थे, म्हणजे ज्वारीची भाकरी, डाळ, अंडे, दही. इफ्तारला मात्र लवकर चढणारी साखर उपयोगी पडते, आणि ते काम खजूर करतोच.

मिरजेच्या त्या भाईंना हेच सांगितले. त्यांनी पाचऐवजी एक पेटी घेतली, तीही न खपलेला माल परत घेण्याच्या लेखी बोलीवर, आणि ‘दिवसभर ताकद’ असा एजंटाने दिलेला फलक लावला नाही. त्याच गल्ल्यावर त्यांनी बेदाणा आणि भाजक्या शेंगदाण्यांच्या ५० ग्रॅमच्या पुड्या करून ठेवल्या. रमजान संपला तेव्हा पेटीतले सात बार शिल्लक होते. पुड्या दोनदा भराव्या लागल्या.